न्हाण, पाणी आणि पुट : आचोळे-वसई परिसरातील केशप्रक्षालनाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासलेखनात स्त्रियांच्या केसांना स्थान मिळाले ते मुख्यत्वे केशवपनाच्या प्रश्नामुळे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हावी एकत्र आले व विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालविण्याचा निर्धार त्यांनी केला. कामगार चळवळीच्या आणि स्त्रीमुक्तीच्या अशा दोन्ही इतिहासांत या घटनेची नोंद आदराने घेतली जाते. परंतु ज्या स्त्रियांच्या डोक्यावर वस्तरा चालला नाही, त्यांचे केस कशाने धुतले गेले, कोणत्या पाण्याने धुतले गेले आणि ते पाणी कोणी वाहून आणले, हे प्रश्न घरगुती म्हणून बाजूला राहिले. केस धुणे ही क्रिया वैयक्तिक खरी. मात्र तिच्यासाठी लागणारे पाणी, इंधन, वनस्पती, साबण आणि सवड या सर्व गोष्टी समाजाच्या व्यवस्थेतून येतात.

प्रस्तुत निबंधात या क्रियेच्या एका मर्यादित अंगाचा विचार केला आहे. केसांवर साचणारे पुट हे ते अंग होय. केस रुक्ष झाले आहेत, पिंजारल्यासारखे दिसतात, धुतल्यानंतरही मेणचट लागतात, अशी तक्रार आज नागरी वस्तीत सर्वत्र ऐकू येते. तिचा दोष सामान्यतः केसांच्या जातीला दिला जातो किंवा केस राखणाऱ्या स्त्रीच्या हयगयीला. इतिहासाच्या अंगाने पाहिले असता हा दोषारोप टिकत नाही. केसांवर काय साचते हे धुण्याच्या द्रव्यावर आणि पाण्याच्या प्रतीवर अवलंबून असते. आणि वसई तालुक्याच्या पूर्वपट्टीत, विशेषतः आचोळे व त्याभोवतीच्या नालासोपारा परिसरात, या दोन्ही गोष्टी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मुळापासून बदलल्या आहेत.

शब्दांतून दिसणारा व्यवहार :

मराठीत ‘आंघोळ’ आणि ‘न्हाणे’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सहसा येत नाहीत. आंघोळ रोजची, न्हाणे डोक्यावरून. मुलीला प्रथम ऋतू प्राप्त झाला म्हणजे तिला ‘न्हाण आले’ असे म्हणत, कारण चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतल्याखेरीज तिचा घरातील वावर पूर्ववत होत नसे. बाळ-बाळंतिणीला ‘न्हाऊ घालतात’. नरकचतुर्दशीचे अभ्यंग हेही न्हाणच. ‘न्हावी’ हा शब्दसुद्धा स्नानाशी संबंधित अशा संस्कृत ‘नापित’ शब्दावरून आला असल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. यावरून एवढे निश्चित दिसते, की केस धुणे ही नित्याची नव्हे तर नैमित्तिक क्रिया होती. तिला वार होते, प्रसंग होते, आणि निषेधही होते.

दोन न्हाणांमधील अंतर मोठे असे. त्या अवधीत डोक्याला तेल लागत राही. चरकसंहितेने डोक्याला नित्य तेल लावण्याची शिफारस केली आहे. तर अष्टांगहृदयाने डोक्यावरून कढत पाणी घेणे केसांना व डोळ्यांना अपायकारक ठरविले आहे. तेल रोज आणि धुणे क्वचित, या व्यवहारात केसांवर थर साचणे अटळच होते. मराठीत त्यासाठी शब्दांची वाण नाही : मळ, कीट, किटण, चिकटा, पुट, मेणचटपणा. आजच्या जाहिरातींत ही समस्या जणू नव्याने उद्भवलेली दाखविली जाते. शब्दसंपत्ती मात्र निराळी साक्ष देते.

शिकेकाईचे न्हाण :

हा थर उतरविण्याचे पारंपरिक साधन म्हणजे शिकेकाई आणि रिठा. शिकेकाई ही काटेरी वेलीची शेंग, रिठा हे झाडाचे फळ. रिठ्याच्या प्रजातीला लिनियसने १७५३ मध्ये जे शास्त्रीय नाव दिले, त्या ‘सॅपिंडस’चा अर्थच ‘हिंदुस्थानचा साबण’ असा आहे. ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्टीतील आदिवासी ही व अशी इतर वनोपज गोळा करून बाजारात आणीत. गावातील घरी शेंगा कुटून, आवळकाठी, नागरमोथा, गवला कचोरा, संत्र्याची साल असे जिन्नस त्यांत मिसळून भुकटी केली जाई. न्हाणाच्या दिवशी ती पाण्यात उकळून, गाळून वापरीत. कोकणात जास्वंदीची पाने चुरगळून त्यांचा बुळबुळीत रस केसांना लावण्याचीही रीत आहे. त्याने केस मऊ होतात आणि गुंता सुटतो.

या द्रव्यांचे रसायन समजून घेणे पुढील विवेचनासाठी आवश्यक आहे. शिकेकाई आणि रिठा यांत सॅपोनिन नावाची फेस देणारी द्रव्ये असतात. त्यांचा अर्क किंचित आम्लधर्मी असतो. केसाच्या पृष्ठभागावर कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. आम्लधर्मी द्रावणात ते मिटून बसतात, अल्कधर्मी द्रावणात उघडतात. खवले उघडे राहिले की केस एकमेकांत अडकतात, ओलावा निसटतो आणि केस पिंजारलेले दिसतात. दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी, की सॅपोनिन जड पाण्यातील कॅल्शियमशी संयोग पावून साका धरीत नाही. त्यामुळे विहिरीचे पाणी जड असो वा हलके, शिकेकाईच्या न्हाणात त्याने फारसा फरक पडत नसे.

तथापि या पद्धतीचे गोडवे गाताना तिची किंमत विसरली जाते. शिकेकाई डोळ्यांत गेली तर चरचर आग होते. नीट गाळली नाही तर भुगा केसांत अडकून राहतो आणि तोच एक नवा थर होतो. अति वापराने केस राठ पडतात. शिवाय कुटणे, उकळणे, गाळणे, बंब किंवा चूल पेटविणे, दोन हंडे जास्तीचे पाणी ओढणे आणि लांब केस उन्हात वाळविणे, या सर्वांसाठी अर्धा दिवस लागे. ज्या घरी शेतमजुरी होती, तेथे अशी सवड कोठून येणार? शिकेकाई न परवडणाऱ्यांनी मातीने केस धुणे ही देशाच्या अनेक भागांत आढळणारी गोष्ट आहे. ‘आजीचे न्हाण’ म्हणून आज जे आठवले जाते, ते बहुधा मनुष्यबळ आणि सवड असलेल्या घरांतील आजीचे असते.

विहीर, बावखल आणि पाण्याची जात :

वसई तालुक्याच्या उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास नदीची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर आहेत. १५३४ ते १७३९ अशी सुमारे दोनशे पाच वर्षे वसई पोर्तुगीजांच्या अमलाखाली होती, त्यानंतर मराठ्यांच्या. राज्यकर्ते बदलले तरी पाण्याची व्यवस्था स्थानिकच राहिली. पश्चिमेकडील बागायत पट्ट्यात रहाटाच्या विहिरी आणि ‘बावखल’ नावाची तळी होती. बावखलात पावसाचे पाणी साठे, जमिनीत मुरे आणि समुद्राचे खारे पाणी आत सरकण्यास अटकाव करी. पूर्वपट्टीत गावतळी होती; आचोळे येथील तलाव हे त्याचेच उदाहरण होय.

पाण्याच्या या निकटतेचा ठसा विधींवरही उमटला. ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या लग्नात ‘उंबराचे पाणी’ आणण्याची प्रथा आहे. वाजतगाजत विहिरीवर जाऊन वधू-वरांच्या स्नानासाठी पाणी आणले जाते. १७३६ मध्ये गोव्याच्या धर्मन्यायालयाने जो निषेधादेश काढला, त्यात वधू-वरांना हळद, दूध, खोबरेल लावण्यासही मनाई होती. आदेश कागदावर राहिला आणि पाणी मात्र उंबराखालून येतच राहिले, ही बाब स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी अधिक तपासण्याजोगी आहे.

विहिरीच्या पाण्याला गोडे, मचूळ, खारे अशी नावे होती. त्याशिवाय पाण्याचा आणखी एक गुण असतो, तो म्हणजे जडपणा. जमिनीतून झिरपताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. समुद्राचे पाणी आत शिरले तर त्यांचे प्रमाण वाढते. चवीला बरे लागणारे पाणीही जड असू शकते. जड पाण्यात डाळ शिजत नाही हे घरोघरी ठाऊक होते. केसांच्या बाबतीत त्या जडपणाचा जाच सुरू झाला तो साबण आल्यानंतर.

साबणाचे आगमन :

‘साबण’ हा शब्द साबणाच्या वडीपेक्षा पुष्कळ जुना. अरबी-फारसी ‘साबून’ आणि पोर्तुगीज ‘साबांव’ ही एकाच घराण्यातील नावे. परंतु कारखान्यात बनलेली, कागदात गुंडाळलेली वडी ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची वस्तू होय. सनलाइट साबण १८८८ मध्ये हिंदुस्थानच्या बाजारात उतरला, त्यापाठोपाठ लाइफबॉय आला. १९१८-१९ च्या सुमारास अर्देशीर गोदरेज यांनी प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलापासून साबण बनविला. चरबीचा विटाळ मानणाऱ्या घरांची दारे त्यामुळे उघडली आणि स्वदेशीच्या भावनेचेही पाठबळ मिळाले. १९३१ मध्ये टाटा ऑइल मिल्सचा हमाम आला. लीव्हर कंपनीचा शिवडी येथील कारखाना १९३४ मध्ये सुरू झाला.

वसईकडे या वस्तू येण्याचा मार्ग रेल्वेचा होता. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईस जाणारी पहिली उपनगरी गाडी सुटली. प्रारंभी दिवसाकाठी जाणारी एक आणि येणारी एक, एवढाच तो व्यवहार होता. तरी शहराच्या वस्तू आणि शहराच्या सवयी याच रुळांवरून उत्तरेस सरकल्या. त्यांत साबण होता. शहराचे पाणी नव्हते.

हा भेद येथे निर्णायक ठरतो. मुंबईला १८६० पासून विहार तलावाचे आणि १८९२ पासून तानशाचे पाणी मिळू लागले. हे धरणात साठलेले पावसाचे पाणी. ते हलके असते आणि त्यात साबणाला फेस चांगला येतो. तानसा जलाशय ठाणे जिल्ह्यातला. म्हणजे जिल्ह्याचे हलके पाणी नळाने मुंबईस गेले आणि त्याच जिल्ह्यातील वसई तालुका विहिरींवर राहिला. मुंबईच्या पाण्यात खुलणारी वडी वसईच्या विहिरीच्या पाण्यात तशीच खुलेल, याची खात्री नव्हती.

साबण म्हणजे मेदाम्लांचा सोडियमयुक्त क्षार. जड पाण्यातील कॅल्शियम या मेदाम्लांना पकडतो आणि पाण्यात न विरघळणारा पांढुरका साका तयार होतो. बादलीच्या कडेला जे किटण दिसते ते हेच. त्याचे प्रमाण काढून पाहणे उद्बोधक आहे. एका लिटरमागे ३०० मिलिग्रॅम जडपणा असलेल्या पाण्यात, सोडियम स्टिअरेट हा नमुना धरून हिशेब केला, तर दर लिटरला सुमारे १.८ ग्रॅम साबण फेस येण्यापूर्वीच निकामी होतो. पंधरा लिटरच्या बादलीमागे हे प्रमाण २७ ग्रॅम, म्हणजे छोट्या वडीचा मोठा हिस्सा, इतके भरते. आणि जवळजवळ तेवढ्याच वजनाचा साका निर्माण होतो. त्याचा काही अंश केसांवर बसतो. शिवाय साबणाचे द्रावण अल्कधर्मी, त्याचा सामू साधारण ९ ते १० असतो. खवले उघडतात आणि उघड्या खवल्यांवर साका बसतो. केस धुऊन पुन्हा मेणचट, वाळल्यावर पुन्हा पिंजारलेले, ही जोडतक्रार येथून सुरू होते. शिकेकाईच्या काळातील थर तेलाचा आणि धुळीचा होता. साबणाच्या काळातील थर खुद्द धुण्यातूनच जन्मला.

यावर घरोघरी उपाय केला जाई तो शेवटच्या तांब्यात लिंबू पिळण्याचा. तो शास्त्राच्या कसोटीस उतरतो. लिंबातील सायट्रिक आम्ल कॅल्शियमला बांधून घेते, साका सैल करते आणि खवले मिटविते. अनुभवातून आलेले हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकाविना स्वयंपाकघरातून न्हाणीघरात गेले.

जट : पुटाला लाभलेले देवत्व :

थर साचू देण्याचा शेवट कोठे होतो, हे पाहण्यासाठी वसईबाहेर, महाराष्ट्राच्या व्यापक समाजजीवनाकडे वळावे लागते. तेल, मळ आणि साबणाचा साका यांनी चिकटलेले केस दीर्घकाळ विंचरले गेले नाहीत, तर ते नमद्यासारखे एकत्र विणले जातात. आजारपण, बाळंतपण, पाण्याचे दुर्भिक्ष वा कामाचा अतिभार हे त्याचे प्रत्यक्ष कारण असते. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या सीमाभागात मात्र अशी जट म्हणजे यल्लम्मा देवीचे बोलावणे समजले गेले. जट कापायची नाही, विंचरायची नाही, उलट तिला हळद-कुंकू वाहायचे. त्यामुळे गुंता दिवसेंदिवस वाढत जाई. अनेक मुलींना या एका लक्षणावरून देवीला सोडण्यात आले. महाराष्ट्रात देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा २००५ साली झाला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्यातील कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी शंभराहून अधिक स्त्रियांचे जटनिर्मूलन केले आहे. त्या पूर्वी सौंदर्यप्रसाधनाच्या व्यवसायात होत्या, ही गोष्ट लक्षणीय आहे. केसांचे तंत्र ठाऊक असलेल्या हातांनीच केसांभोवतीचे भय दूर केले.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. पोलंडमध्ये ‘कोल्टुन’ नावाची जट कापल्यास अंधत्व किंवा वेड येते, असा समज एकोणिसाव्या शतकापर्यंत दृढ होता. क्राकोव्ह येथील वैद्यकाचे प्राध्यापक व पुढे त्या शहराचे महापौर झालेले योझेफ डिट्ल यांनी हा रोग नसून अस्वच्छतेचा परिणाम असल्याचे दाखवून दिले. दोन्हीकडे एक समान सूत्र दिसते : पाणी, सवड आणि फणी यांच्या अभावाला देवाचे किंवा रोगाचे नाव मिळाले आणि भार मात्र त्या स्त्रीच्या माथ्यावर राहिला. आज ‘तुमचे केसच रुक्ष जातीचे’ असे जे सांगितले जाते, त्यात हाच न्याय सौम्य रूपात वावरताना दिसतो.

पुडीतला शॅम्पू आणि वाढते आचोळे :

‘शॅम्पू’ हा शब्द मूळचा येथलाच. डोके चांपण्याच्या क्रियेवरून तो इंग्रजीत गेला. पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडमधील ब्रायटन येथे चंपीची स्नानगृहे चालविली आणि १८२२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. तेव्हा शब्दाचा अर्थ मर्दन असा होता. पुढे तो केस धुण्याच्या द्रवाला चिकटला आणि बाटलीत बसून परत आला. सनसिल्क भारतात १९६४ मध्ये आला. परंतु बाटली मध्यमवर्गाच्याच कपाटात राहिली. १९८० च्या सुमारास तमिळनाडूत वेल्व्हेट शॅम्पूची पुडी निघाली, १९८३ पासून चिकने तो मार्ग विस्तारला आणि पुढे मोठ्या कंपन्यांनी त्याचे अनुकरण केले. किराणा दुकानाच्या दारात पुड्यांच्या माळा लोंबू लागल्या.

नेमक्या याच काळात आचोळ्याचे रूप पालटले. मुंबईत घर न परवडणारा कामगार आणि कारकून वर्ग विरार मार्गावर सरकत होता. १९९० मध्ये राज्य शासनाने वसई-विरार परिसरासाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. २००१ च्या जनगणनेत नालासोपारा नगरपरिषदेची लोकसंख्या सुमारे १ लाख ८४ हजार होती. चार नगरपरिषदा व अनेक गावे मिळून २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ मध्ये तिची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. १ ऑगस्ट २०१४ रोजी हा तालुका नव्या पालघर जिल्ह्यात गेला. इमारती आल्या तितक्या वेगाने नळ आले नाहीत. उसगाव, पेल्हार, पापडखिंड ही छोटी धरणे आणि नंतर सूर्या प्रकल्पाचे पाणी पोहोचेपर्यंत व पोहोचल्यावरही कूपनलिका आणि टँकर यांनी तूट भरून काढली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम पट्ट्यातील विहिरी उपसून ते पाणी टँकरने विकण्याविरुद्ध स्थानिकांनी आंदोलन उभारले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई संरक्षण समितीचा लढा सर्वश्रुत आहे. गोड्या पाण्याचा उपसा वाढला की खारे पाणी आत येते, हे आंदोलकांना बावखलांच्या पिढीजात अनुभवातून माहीत होते.

शॅम्पूच्या पुडीचा प्रसार हा चंगळवादाचा व जाहिरातींचा विजय, असे विवेचन नेहमी केले जाते. ते अपुरे आहे. शॅम्पूतील कृत्रिम प्रक्षालक जड पाण्यातही फेस देतात आणि साबणासारखा साका धरीत नाहीत. कूपनलिकेच्या पाण्यावर राहणाऱ्या, पहाटे गाडी गाठणाऱ्या स्त्रीसाठी पुडी ही चैन नव्हती; तिच्या पाण्याला लागू पडणारे आणि दहा मिनिटांत उरकणारे ते साधन होते. अर्ध्या दिवसाचे न्हाण दहा मिनिटांवर आले, यातील मुक्तीचा भाग इतिहासकाराने नाकारू नये.

रुक्ष केसांचा पेच :

मात्र थर नाहीसा झाला नाही; त्याची घटकद्रव्ये बदलली. तीव्र प्रक्षालक मळाबरोबर केसांचा नैसर्गिक स्निग्धांशही नेतात. ती उणीव भरून काढण्यासाठी कंडिशनर, सीरम, केस सरळ ठेवणारी मलमे आली. त्यांतील धनभारित द्रव्ये व सिलिकोन केसांवर पातळ आवरण धरतात. इजा झालेल्या, रंगविलेल्या केसांवर ऋणभार अधिक, म्हणून ही द्रव्ये आणि पाण्यातील कॅल्शियमही तेथेच जास्त चिकटतात. केस मुळात जितके रुक्ष, तितका थर अधिक. थर वाढला की ओलावा आत पोहोचत नाही, केस जड, निस्तेज आणि तरीही पिंजारलेले दिसतात. मग त्यावर आणखी एक प्रसाधन लावले जाते. उपायच विकार वाढवितो, असे हे चक्र आहे.

याचा अर्थ तेलाकडे किंवा शिकेकाईकडे सरसकट परत जावे असा होत नाही. खोबरेलाविषयी मात्र एक नोंद आवश्यक आहे. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांचा २००३ मधील शोधनिबंध सांगतो, की खनिज तेल व सूर्यफूल तेल यांच्या तुलनेत खोबरेल तेलाने केसांतील प्रथिनांचा ऱ्हास कमी होतो, कारण त्यातील लॉरिक आम्लाचे घटक केसाच्या आत शिरू शकतात. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतील होते, ही बाब वाचकाने ध्यानात ठेवावी. तरी धुण्यापूर्वी तेल लावण्याच्या कोकणी रीतीला त्यातून आधार मिळतो. धुण्यापूर्वी थोडे तेल, अधूनमधून थर उतरविणारा शॅम्पू, क्षार बांधून घेणाऱ्या ईडीटीए किंवा सायट्रिक आम्लाचा वापर, शेवटचे पाणी हलके, असा आजच्या तज्ज्ञांचा सल्ला असतो. लिंबाच्या तांब्याचीच ही नवी आवृत्ती होय. कोकणात पावसाळ्यात पागोळ्यांखाली हंडे लावण्याची पद्धत होती. ते हलके पाणी आजही सर्वांत स्वस्त उपाय आहे. वसईत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पन्नास चौरस मीटरच्या छतावर त्याचे एक लाख लिटर पाणी होते.

मानकांचाही येथे विचार केला पाहिजे. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार (२०१२) लिटरमागे २०० मिलिग्रॅम जडपणा स्वीकारार्ह असून पर्यायी स्रोत नसल्यास ६०० पर्यंत मुभा आहे. मानक घशासाठी ठरले आहे, केसांसाठी नव्हे. पाचशे मिलिग्रॅम जडपणाचे पाणी पर्यायाअभावी मानकात बसते, परंतु त्याने धुतलेल्या केसांची तक्रार कोणत्याही कार्यालयात नोंदविता येत नाही. ती बाजारात नेली जाते आणि बाजार आणखी एक बाटली पुढे करतो.

पाणी जाते कोठे :

न्हाणीघराची मोरी हा या इतिहासाचा सर्वांत दुर्लक्षित भाग. शिकेकाईचे पाणी परसातल्या अळवाला आणि केळीला जाई. साबणाचे व शॅम्पूचे पाणी गटारात जाते, तेथून नाल्यांवाटे खाडीत. आचोळे हद्दीत या सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याच्या केंद्रासाठी आणि कचराभूमीसाठी जागा आरक्षित होती. त्या जागेवर, अग्रवाल नगरी भागात, ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०२४ मधील आदेशानुसार महानगरपालिकेने त्या पाडल्या; हे पाडकाम २०२५ च्या प्रारंभी पूर्ण झाले. दोन हजारांहून अधिक कुटुंबे बेघर झाली. त्यांनी घरे विकत घेतली होती आणि त्यांतील अनेकांनी ती कर्जावर घेतली होती.

सूर्या प्रादेशिक योजनेतून वसई-विरारसाठी १८५ दशलक्ष लिटर पाण्याची तरतूद असून त्याचा पुरवठा २०२३ च्या अखेरीस सुरू झाला. हे धरणाचे, म्हणजे तुलनेने हलके पाणी. तानशाच्या नळाने मुंबईला जे १८९२ मध्ये दिले, ते वसईच्या वाट्याला पुष्कळ उशिरा आले. पाडकामानंतर रस्त्यावर आलेल्या कुटुंबांतील स्त्रियांना मात्र त्या महिन्यांत हंड्यासाठी पुन्हा शेजारच्या इमारतींच्या दारांत उभे राहावे लागले असणार, आणि न्हाण पुन्हा एकदा सवडीवर व शेजाऱ्यांच्या मर्जीवर गेले असणार.